शेजारचा पब, पण शेजार कुणाचा?

‘नेबरहुड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शेजारपाजार, आळी, मोहल्ला. आम्ही गिरणगावातली माणसे; शेजार म्हणजे काय हे आम्हाला शब्दकोशातून शिकावे लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलीला शेजाऱ्याकडे आज कोणती भाजी शिजते आहे, कुणाचा मुलगा नापास झाला आणि कुणाची सून रुसली आहे, हे भिंतीपलीकडून आपोआप कळते. म्हणूनच लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत ‘नेबरहुड पब’ असे शब्द पाट्यांवर दिसू लागले, तेव्हा मला प्रथम हसू आले आणि मग तो शब्द मनात रुतून बसला. रात्री उशिरापर्यंत बर्गर आणि बिअर मिळणारे, थाटमाट न करता सहज जाऊन बसावे असे, ‘आपल्या शेजारचे’ ठिकाण, अशी त्यांची जाहिरात असते. शेजार तर आमचाच आहे. मग आत आम्ही का नाही?

प्रथमच सांगून टाकते की, पब बंद करा अशी मागणी करण्यासाठी हा लेख नाही. त्या विषयावर आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा होतात, ‘पाश्चात्त्यांचे अंधानुकरण’ हा शब्दप्रयोग त्यांत दर तीन मिनिटांनी येतो आणि पारितोषिकही बहुधा त्यालाच मिळते. दारूने घरे कशी उठतात हे आमच्या चाळीला ठाऊक आहे. त्यासाठी आम्हाला काचेच्या पबची वाट पाहावी लागली नाही. देशी दारूचा बार आमच्या नाक्यावर माझ्या जन्माआधीपासून आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. रात्री अकरानंतर माणसाला टेकायला, दोन घास खायला, चार शब्द बोलायला जागा असावी की नाही? आणि असावी, तर ती कोणाकोणासाठी?

वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी अशा एका पबमध्ये जाऊन आले. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. मी पडले १९ वर्षांची, तेव्हा माझ्या वाट्याला लिंबाचे सरबत आणि बर्गर. बर्गर चांगला होता, खोटे कशाला बोलू? त्याच्या किमतीत आमच्या नाक्यावरचे वीस-पंचवीस वडापाव आले असते, हा हिशेब मात्र शेवटच्या घासापर्यंत डोक्यातून गेला नाही. पण आज आठवते ती चव नव्हे. पलीकडच्या टेबलाशी तीन बायका बसल्या होत्या. ऑफिसातून सरळ आलेल्या, पिशव्या खुर्चीला अडकवलेल्या, सोबत पुरुष कोणी नाही. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्या मोठ्याने हसत होत्या आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. मला त्यांच्या ग्लासांचा नव्हे, त्या निवांत बसण्याचा हेवा वाटला.

माझी आई एका रुग्णालयात आया आहे. दुपारपाळी असली की रात्री साडेदहा-अकराला बाहेर पडते. आठ तास पायांवर उभी राहिलेली बाई! तिला वाटेत कुठे टेकावे, कपभर चहा घ्यावा, असे वाटत नसेल काय? मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, बाईमाणूस एवढ्या रात्री कुठं बसणार?” तिच्या वाटेवर त्या वेळी दोनच दारे उघडी असतात. एक देशी बारचे आणि दुसरे परमिट रूमचे.

‘परमिट रूम’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यातले ‘परमिट’ कसले हे विचारावेसेच वाटत नाही. मुंबई इलाख्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला, मोरारजीभाईंच्या काळात बंदी पक्की झाली, आणि ज्याला प्यायची त्याने सरकारी परवाना बाळगावा अशी अट राहिली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली. परवान्याची अट कागदावर उरली. पाच रुपयांत एका दिवसाचा परवाना मिळण्याची सोय कित्येक वर्षे आहे; पिणाऱ्यांपैकी किती जणांना ती माहीत असेल, कोण जाणे! पण त्या कायद्याची लाज अजून परमिट रूमच्या दारावर लटकते आहे. काळी काच, जाड पडदा, आत मंद दिवा. कुठे कुठे जिना चढून वर ‘फॅमिली रूम’ असते. तेथे फॅमिली म्हणजे जिच्याबरोबर पुरुष आहे अशी बाई. एकटी बाई कोणत्याच दालनात बसत नाही. गिरणीच्या आवारातला पब याच्या बरोबर उलटा. त्याची भिंतच काचेची आणि उत्तम टेबल काचेला लागून. एकाच कायद्याखाली, अर्ध्या मैलाच्या अंतरात, गरिबाने प्यायची ती पडद्याआड आणि श्रीमंताने प्यायची ती रस्त्यावरून दिसेल अशी. कोणाची लाज कोणी वाटून घ्यायची, हे कोणी ठरवले?

‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’चे लघुरूप आहे. लोकांचे घर. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या लंडनच्या सायंदैनिकात ‘द मून अंडर वॉटर’ नावाचा एक छोटा लेख लिहिला होता. आपल्या आवडत्या पबचे वर्णन त्यात आहे. बाजूच्या गल्लीत, बसथांब्यापासून दोन मिनिटांवर. येणारी मंडळी नेहमीची, आणि ती बिअरइतकीच गप्पांसाठी येणारी. रेडिओ नाही, पियानो नाही. काउंटरमागच्या बाया बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. रात्रीचे जेवण नाही, पण किरकोळ खाणे केव्हाही मिळते. मागे बाग, तेथे बायका आणि मुलेही येऊन बसतात, म्हणजे घरातल्या बाईला मूल सांभाळत एकटीने घरी बसावे लागत नाही. आणि हे सगळे सांगून झाल्यावर ऑर्वेल म्हणतो की, असा पब अस्तित्वातच नाही! त्याच्या अटी मी आमच्या शेजारच्या पबला लावून पाहिल्या. गाणी इतकी मोठी की, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी दोनदा ‘काय?’ असे विचारले. नेहमीची मंडळी कोण, ते वेटरलाही सांगता येईना. बसथांबा तेवढा दोन मिनिटांवर आहे; पण बसने येणारे तेथे जात नाहीत.

आता बर्गरविषयी थोडे. आपल्याकडे तो मोठ्या दिमाखाने आला. १९९६ च्या ऑक्टोबरात मॅकडोनल्ड्सने भारतातले पहिले दुकान दिल्लीत उघडले, पाठोपाठ आपल्या वांद्र्याला. त्यामुळे बर्गर म्हणजे काचेच्या दुकानातले, वातानुकूलित, वाढदिवसाला खायचे अन्न अशी आमच्या पिढीची समजूत झाली. पण त्याच्या जन्मगावी तो साधा मजुराचा घास होता. अमेरिकेतल्या विचिटा गावी १९२१ मध्ये ‘व्हाइट कॅसल’ने पाच सेंटला एक या भावाने बर्गर विकायला सुरुवात केली. त्याच्याही कितीतरी आधी, १८७२ साली, प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा गृहस्थ (कादंबरीकार तो वेगळा, इंग्रजीच्या मुलांनी घाबरू नये) रात्रपाळीच्या लोकांसाठी घोडागाडीत अन्न घेऊन उभा राहू लागला. त्याची गिऱ्हाइके म्हणजे वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री जागणारी माणसे. खाणावळी संध्याकाळी बंद होत आणि भूक काही बंद होत नसे. तेव्हा गाडी अन्न घेऊन त्यांच्या दारी येई. उशिरा रात्री उभ्याने खायचा घास निघाला तो असा.

आमच्या वडापावाची कुळकथाही फार वेगळी नाही. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडा आणि पाव एकत्र आले असे सांगतात. तो एका हातात मावतो, चालता चालता खाता येतो आणि खिशाला परवडतो. पाळीवर धावणाऱ्या माणसाला आणखी काय हवे? तेव्हा बर्गर आणि वडापाव ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की, एक भाऊ गिरणीच्या आवारात आत जाऊन बसला आणि दुसरा फाटकाबाहेर उभा राहिला.

हे फाटक नेहमीच असे नव्हते. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. तिसऱ्या पाळीला जाणारा माणूस भोंगा वाजायच्या आधी जेवून निघायचा आणि परतायचा तेव्हा उजाडायला आलेले असायचे. इराण्याचे दार तेव्हा उघडलेले असे, आणि ब्रून-मस्का बुडवून खायला कोपऱ्यातली खुर्ची मिळे. पण आमच्या भागाचे खरे ‘पब्लिक हाऊस’ म्हणजे खानावळ. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, बायकामुले गावी. त्यांना रांधून घालणारी बाई शेजारच्याच खोलीतली. माझ्या आजीकडे चौदा ‘मेंबर’ होते. पैसे महिन्याने, पगार झाला की. ज्याची जशी पाळी तसे त्याचे ताट, म्हणजे आजीची चूल तिन्ही पाळ्यांत पेटायची. कोणाला गावाहून पत्र आले की ते वाचून दाखवणे, तापाने पडलेल्याला पेज नेऊन देणे, पगार पिऊन टाकणाऱ्याला चारचौघांत फैलावर घेणे, ही सगळी कामे त्याच पैशांत. ऑर्वेलच्या पबमधल्या बाया गिऱ्हाइकांना नावाने ओळखत. माझ्या आजीला तर त्यांच्या गावांची, म्हशींची आणि कर्जांचीही नावे पाठ होती. तिच्याकडे बिअर नव्हती, हे मान्य.

या बायकांना वाण्याचे आणि सावकाराचे देणे कधी चुकले नाही. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांतून त्यांना कर्जे मिळवून दिली. ज्या बाईकडे गहाण ठेवायला मंगळसूत्राशिवाय काही नाही, तिला बँकेने दारात उभे करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मेंबर एकेक करून गावी गेले, जाताना “पुढच्या महिन्यात देतो” असे सांगून गेले. आजीच्या वहीत त्यांची नावे अजून आहेत.

पुढची कथा आपल्या सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१ मध्ये नियम झाला की, ढोबळमानाने एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांना, एक तृतीयांश घरांना आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. म्हणजे बांधकामाखालची जागा वाटणीतून सुटली. गिरण्यांच्या छपरांखाली कचेऱ्या आल्या, दुकाने आली, आणि पब आले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली आणि चौदा माणसे मेली. त्या रात्री आमच्या चाळीच्या गॅलरीतून धूर दिसत होता असे सगळे सांगतात. मी तेव्हा शाळेत होते आणि झोपले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२० च्या जानेवारीत ‘रात्रीची मुंबई’ उघडण्याचा निर्णय झाला. तो कोणासाठी? मॉलसाठी आणि गिरण्यांच्या आवारांसाठी, जेथे फाटक आहे, पहारा आहे, गाड्या लावायला जागा आहे. म्हणजे रात्र उघडली, पण फाटकाच्या आतली. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि तो विषय तेथेच राहिला. खरे पाहता २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेच अन्नाची दुकाने रात्रभर उघडी ठेवायला वाट करून दिली होती. तरीही ठिकठिकाणी ती बंद करायला लावतात अशी ओरड झाली, तेव्हा १ ऑक्टोबर २०२५ ला शासनाने निर्णय काढून स्पष्ट केले की, दारू देणारी आणि तत्सम ठिकाणे वगळता बाकीच्यांना चोवीस तास व्यवसाय करता येईल. कागदावर पाहिले तर आता चहा-पोळीवाल्याची रात्र परमिट रूमपेक्षा मोठी आहे. परमिट रूमला दीडला दार लावावे लागते, त्याला नाही. प्रत्यक्षात मात्र आमच्या रस्त्यावर बारा वाजता शिट्टी वाजते आणि सायकलवर चहाची किटली घेऊन फिरणारा भय्या गल्लीत पळतो. दीडपर्यंत दिवे असतात ते परमिट रूमचे आणि पबचेच.

आणि या रात्री जागे कोण असते? परळला केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे. टाटाबाहेरच्या फुटपाथवर बिहार-बंगालपासून आलेले रुग्णांचे नातेवाईक अंथरूण टाकून असतात. रात्री एकला त्यांच्यातल्या एखाद्याला गरम काही हवे असेल तर त्याने कोठे जावे? पबमध्ये वाढणारी मुले पाहा. आमच्या चाळीतला एक मुलगा अशाच एका पबच्या स्वयंपाकघरात आहे. दीडला दार लागते; भट्टी, तवे, फरशी धुऊन तो निघतो तेव्हा अडीच वाजलेले असतात. तो चालत घरी येतो, पण त्याचे सोबती कल्याण-विरारचे. शेवटची लोकल केव्हाच गेलेली आणि पहिली पहाटे चारनंतर. रात्रभर दुसऱ्यांसाठी बर्गर भाजणारी ही पोरे स्टेशनच्या पायरीवर बिस्किटाचा पुडा फोडून बसतात. एवढेच कशाला, आत बसलेल्या गिऱ्हाइकांतही निम्मे जण आनंदासाठी आलेले नसावेत असे मला वाटते. अकराला ऑफिस सुटणारा संगणकावरचा मनुष्यही रात्रपाळीवालाच आहे. त्याला भूक लागली आहे, घरी खोलीत एकटा आहे, आणि उघडे ठिकाण दुसरे नाही, म्हणून तो पाचशे रुपयांचा बर्गर खातो. त्याला आजीची आमटी मिळाली असती तर तो नको म्हणाला असता असे थोडेच आहे!

आमचे एक सर या विषयावर बोलताना म्हणाले, “रात्री दुकाने उघडी राहिली की टवाळखोरी वाढेल आणि त्रास मुलींनाच होईल.” सरांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, अकराला परतणाऱ्या माझ्या आईला भीती वाटते ती उघड्या दुकानाची नव्हे, बंद दुकानांच्या रांगेची. जेथे दिवा आहे, कढईखाली जाळ आहे आणि गल्ल्यावर ओळखीचा माणूस बसला आहे, तेथून ती पावले न मोजता जाते. दुसरा आक्षेप झोपेचा. तो रास्त आहे, आणि पबच्या गाण्यांनी वैतागलेल्या चाळी तो करतातच. पण आमटी-भाताला लाउडस्पीकर लागत नाही.

तेव्हा मला हवी आहे ती रात्रीची खानावळ. महापालिकेच्या मंडईतले गाळे संध्याकाळनंतर कुलूपबंद असतात. त्यांतले एक-दोन रुग्णालयांजवळच्या बचत गटांना रात्रीपुरते द्यावेत. भात, आमटी, उसळ, अंडाभुर्जी, चहा. बाक भिंतीला लावलेले, दर्शनी बाजू उघडी, पडदा नाही. शेजारी बायकांसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह, कारण बाई कोठे बसेल याचा निम्मा निकाल त्यावर लागतो आणि सभेत हे कोणी बोलत नाही. बसायला काही विकत घेण्याची सक्ती नसावी. आणि पबवाल्यांनी ‘नेबरहुड’ ही पाटी खुशाल ठेवावी. फक्त स्वयंपाकघरातली मुले अडीचला बाहेर पडण्याआधी त्यांना गरम जेवण घालावे.

आजीला मी ही सारी योजना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “रात्री तीनला भांडी कोण घासणार?” तिच्या खानावळीत ती घासायची, आणि माझ्या दोन आत्या. मजुरी कोणाला नव्हती. चौदा ताटांचा हिशेब परवडायचा तो त्यामुळेच. आज तसे कोणी करणार नाही आणि कोणाला करायलाही लावू नये. २०१७ च्या त्याच कायद्यात आहे की, बाईची संमती असेल तर तिला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येते, पण तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. पबच्या मालकाला गाडी परवडते. चार बायकांच्या बचत गटात मालक कोण आणि गाडी कोणाची? आमटीची वाटी तीस रुपयांच्या वर गेली तर टाटाबाहेरचा माणूस यायचा नाही, आणि तिसात ठेवली तर गाडीचे भाडे निघायचे नाही. आजी आणि मी सध्या या हिशेबावर अडलो आहोत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला सवड असेल तर वही आमच्याकडे आहे.